निर्लेखित खुर्च्यांचे कागद

पॅरिस, लंडन किंवा न्यूयॉर्कच्या लिलावसूचीत चंदीगडची आरामखुर्ची आली की तिच्याखालचा मजकूर जवळपास ठरलेला असतो. पिएर जानरे हे नाव, १९५५-५६च्या आसपासचा काळ, सागवान आणि वेत, मूळ ठिकाण म्हणून सचिवालय, उच्च न्यायालय नाहीतर पंजाब विद्यापीठ. सर्वांत खाली एक बारीक ओळ असते. पाठीमागच्या फळीवर किंवा बैठकीच्या पट्टीवर रंगाने लिहिलेली अक्षरे तिथे जशीच्या तशी उतरवलेली असतात: खात्याची आद्याक्षरे, मध्ये एखादी तिरपी रेघ आणि एक आकडा. मुरलेला संग्राहक ही ओळ आधी वाचतो.

ही अक्षरे कोणा कलावंताची सही नाही. सरकारी कचेरीत वस्तू दाखल झाली की भांडारपाल तिची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत करतो आणि तोच क्रमांक वस्तूवर घालून घेतो. वर्षाकाठी मोजदाद होते तेव्हा वही आणि वस्तू जुळली पाहिजे, एवढाच त्यामागचा हेतू. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तहसील कचेरीतले टेबल उलटे करून पाहिले तरी असा नंबर सापडेल. चंदीगडच्या खुर्चीबाबत मात्र तोच तिचा जन्मदाखला झाला आहे. खुर्ची वापरात असताना, तिच्याच अंगावर, तिच्याविषयी लिहिलेला दुसरा मजकूर बहुधा नसतो. बाकी सगळे कागद नंतरचे आहेत, आणि ते कोणी, कशासाठी लिहिले हे ध्यानात ठेवूनच वाचावे लागतात.

विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या ज्या आरामखुर्च्यांमागे जगभरचे संग्राहक लागलेले असतात, त्यांतल्या बहुतेकींची गोष्ट वेगळी आहे. डेन्मार्कच्या फिन यूल यांनी १९४९ साली ‘चीफटन’ ही रुंद, कातडी आरामखुर्ची आखली. ती घडवली कोपनहेगनच्या नील्स वोडर या सुताराने, आणि वोडरच्या कारखान्यातून निघालेल्या लाकडावर त्याच्या नावाचा डाग दिलेला असे. अमेरिकेत चार्ल्स आणि रे ईम्स यांची आरामखुर्ची १९५६ साली हर्मन मिलर कंपनीने बाजारात आणली. त्या खुर्चीच्या पोटाखालची चिठ्ठी पाहून, चिठ्ठीचा आकार आणि रबरी सांध्यांची ठेवण ताडून जाणकार तिचे दशक सांगतात. या दोन्ही ठिकाणी वस्तूवर करणाऱ्याचे नाव आहे, चंदीगडला ते वापरणाऱ्याचे आहे. पुढचा सगळा घोळ या फरकातून निघतो.

मुळात या खुर्च्या कशासाठी झाल्या, हे पाहू. फाळणीत लाहोर गेले आणि भारतातल्या पंजाबला राजधानी उरली नाही. नव्या शहराचा पहिला आराखडा अमेरिकेच्या आल्बर्ट मेयर यांनी केला. त्यांचे सहकारी मॅथ्यू नोव्हित्स्की १९५०च्या ऑगस्टमध्ये विमान अपघातात गेले आणि प्रशासक पी. एन. थापर व मुख्य अभियंता पी. एल. वर्मा नव्या माणसांच्या शोधात युरोपला निघाले. त्यांनी ल कॉर्ब्युझिए यांना गाठले, इंग्लंडहून मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू यांना घेतले, आणि कॉर्ब्युझिए यांचा चुलतभाऊ पिएर जानरे यालाही. कॉर्ब्युझिए वर्षातून दोनदा येत आणि परत जात. फ्राय-ड्रू तीन वर्षांच्या करारावर होते, तो संपल्यावर ते गेले. जानरे १९५१ साली आला तो १९६५पर्यंत राहिला. पंजाबचा मुख्य वास्तुविशारद झाला, १९६१ साली सुरू झालेल्या वास्तुशास्त्र महाविद्यालयाचा पहिला प्राचार्य झाला. प्रकृती खालावल्यावर तो जिनिव्हाला परतला आणि १९६७च्या डिसेंबरात वारला. तीन वर्षांनी पुतणीने त्याच्या अस्थी आणून सुखना तलावात सोडल्या. सेक्टर ५मधले ५७ क्रमांकाचे त्याचे घर २०१७पासून संग्रहालय आहे.

नवी राजधानी म्हणजे नव्या कचेऱ्या. उच्च न्यायालयाचे उद्घाटन १९५५ साली झाले, मग सचिवालय उभे राहिले, विधानसभा १९६४ साली. सोबत विद्यापीठ, वसतिगृहे, आमदारनिवास, दवाखाने, वाचनालये आणि कारकुनापासून मंत्र्यापर्यंत सर्वांची सरकारी घरे. इतक्या लोकांना बसायला लागणार होते. परदेशातून काही मागवायला सरकारकडे परकीय चलन नव्हते, पोलादाचा तुटवडा होता. सागवान आणि शिसम मिळत होते, वेत मिळत होता, आणि पंजाबात सुतार होते. कोणा एका कारखान्याला सगळे काम न देता ते अनेक ठेकेदारांत आणि सुतारशाळांत वाटले गेले. म्हणून एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्या शेजारी ठेवल्या तर हाताचा कोन, पायाची जाडी, बैठकीची उंची थोडीथोडी वेगळी निघते. डॅनिश खुर्चीत असा फरक दिसला असता तर ती नकली ठरली असती. इथे फरक नसणेच संशयास्पद.

त्यातली आरामखुर्ची कशी आहे हेही सांगायला हवे. दोन्ही बाजूंना उलट्या ‘व्ही’सारखे दोन जाड पाय, वर जाऊन हाताच्या पट्टीला मिळालेले. मधे मागे कललेली, वेताने विणलेली बैठक आणि पाठ. बैठक जमिनीला जवळ, हात रुंद. लोखंडाचा उपयोग जेमतेम. वेत उसवला तर बाजारातला कोणीही विणून देईल, पाय निखळला तर कोपऱ्यावरचा सुतार बसवून देईल. दिखाऊपणा नावालाही नाही आणि बेढबपणाही नाही. पंजाबच्या मे महिन्यात गादीच्या खुर्चीत बसून दाखवावे, म्हणजे वेताची निवड कळते.

आता कर्तृत्वाचा प्रश्न. ही खुर्ची जानरेचीच, असे म्हणायला आधार काय?

एक आधार जुन्या कामाचा आहे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस कॉर्ब्युझिए, जानरे आणि शार्लोत पेरियाँ यांनी मिळून पोलादी नळ्यांच्या ज्या खुर्च्या केल्या त्या सर्वज्ञात आहेत, पण त्यांचा आणि चंदीगडचा चेहरामोहरा जुळत नाही. जुळतो तो नंतरच्या कामाशी. १९४८च्या सुमारास अमेरिकेच्या नॉल कंपनीने जानरेची एक लाकडी आरामखुर्ची काढली. कंपनीच्या यादीत ती ९२ क्रमांकाची. तिचे पाय कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांना छेदतात आणि छेदाच्या जागी चकचकीत बोल्ट असतो. चंदीगडच्या काही आरामखुर्च्यांत हीच कात्री दिसते, फक्त बोल्टाचा डामडौल गेलेला. शिवाय युद्धकाळात जानरेने झाँ प्रुवे यांच्याबरोबर काम केले होते. जिथे ताण जास्त तिथे लाकूड किंवा पत्रा जाड आणि जिथे कमी तिथे निमुळता, ही प्रुवेंची शिस्त चंदीगडच्या उलट्या ‘व्ही’ पायांत वाचता येते.

दुसरा आधार घराचा. जानरे स्वतःच्या बंगल्यासाठी बांबू, दोरी, नदीचे गोटे असे हाती लागेल ते घेऊन फर्निचर करीत असे, तलावासाठी होडीही केली. हौस आणि हात दोन्ही होते, याबद्दल वाद नाही. त्याची पत्रे आणि छायाचित्रे पुतणीने दिल्यामुळे आज माँट्रियलच्या कॅनेडियन सेंटर फॉर आर्किटेक्चरमध्ये आहेत. कॉर्ब्युझिए यांची कागदपत्रे पॅरिसला, त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानात. म्हणजे शहर पंजाबात, त्याचे अर्धे दफ्तर समुद्रापार.

पण जानरेच्या कचेरीत तो एकटा नव्हता. युली चौधरी होत्या: जन्म शाहजहाँपूरचा, वास्तुशास्त्राचे शिक्षण सिडनीचे, १९५१पासून चंदीगडच्या चमूत. काही लिलावसूचींत वाचनालयाच्या फर्निचरवर जानरेच्या जोडीने त्यांचेही नाव असते. जीत मल्होत्रा होते, आदित्य प्रकाश होते, मनमोहननाथ शर्मा होते. शर्मा पुढे जानरेच्या जागी आले. (पुण्यात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे.मधून गेलेले बाळकृष्ण दोशीही याच प्रकल्पावर काम करीत होते, पण पॅरिसच्या टोकाला, कॉर्ब्युझिए यांच्या कचेरीत.) एका टेबलाभोवती पाचसात माणसे बसून सरकारी फर्निचरचे नमुने काढत असतील तर प्रत्येक खुर्चीचा धनी एकच कसा? माझे मत असे की ‘जानरे’ हे नाव इथे घराण्याच्या नावासारखे वाचावे. शैली त्याची होती, देखरेख त्याची होती. एकेका नमुन्याची रेघ कोणाच्या पेन्सिलीची, हे नमुन्यानमुन्याला सिद्ध करायला हवे, आणि लिलावसूची ते काम करीत नाही.

नमुन्यांना क्रमांक कोणी दिले, हेही यात लक्षात घ्यायचे. आज जगभरचे व्यापारी ज्या आरामखुर्चीला ‘पीजे-एसआय-२९-ए’ म्हणतात, तो सांकेतिक क्रमांक चंदीगडच्या भांडारातला नाही. एरिक तूशालोम आणि जेराल्द मोरो यांनी २०१० साली या फर्निचरवर एक जाड ग्रंथ काढला. त्यातल्या वर्गीकरणाने हे क्रमांक रूढ केले. ‘पीजे’ म्हणजे पिएर जानरे, ‘एसआय’ म्हणजे बसण्याची वस्तू. मग २०१४ साली पॅरिसच्या पात्रिक सेगँ गॅलरीचे पुस्तक आले आणि २०१८ साली जाक द्वोर्चाक यांची नमुन्यांची समग्र सूची. तिन्ही ग्रंथ कामाचे आहेत. मोजमापे आहेत, जुनी छायाचित्रे आहेत, चंदीगडच्या आवारांत पडलेल्या खुर्च्यांच्या ढिगांची चित्रे आहेत. मात्र यांतले पहिले दोन तरी विकणाऱ्यांच्या घरातून आले आहेत, हे विसरता येत नाही. क्रमांकातच कर्त्याची आद्याक्षरे घातली की प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर छापले जाते.

आता मधली तीस वर्षे, ज्यांच्याबद्दल सगळे घाईने बोलतात.

१ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबचे विभाजन झाले. हरियाणा वेगळे झाले आणि चंदीगड केंद्रशासित प्रदेश असून दोन्ही राज्यांची राजधानी झाले. सचिवालयाची इमारत एक, मजले वाटलेले. उच्च न्यायालय दोघांचे सामाईक. विद्यापीठाचा कारभार आणखी वेगळा. खुर्च्या जागच्या जागी राहिल्या, नोंदवह्या मात्र निरनिराळ्या मालकांच्या झाल्या. ‘चंदीगडने खुर्च्या विकल्या’ असे आपण सहज म्हणतो, पण विकणारा चंदीगड नावाचा एक मालक कधीच नव्हता. पाचपंचवीस खात्यांचे पाचपंचवीस भांडारपाल होते आणि प्रत्येकाने आपापल्या वहीतून आपापल्या खुर्च्या कमी केल्या.

ती रीत सरकारी नोकरी केलेल्या कोणालाही पाठ असते. वस्तू मोडली की ती निरुपयोगी म्हणून दाखवायची. समिती पाहणी करते, दुरुस्तीचा खर्च किमतीशी ताडते, निर्लेखनाचा प्रस्ताव जातो, मंजुरी येते. नोंदवहीत लाल शेरा पडतो. माल आवारात किंवा गच्चीवर साठतो आणि पुरेसा साठला की जाहीर लिलाव होतो. बोली ढिगावर लागते. भंगारवाला किंवा जुन्या फर्निचरचा व्यापारी ढीग उचलतो, लाकूड धड असेल ते वेगळे काढतो, उरलेले जळणाला.

या टप्प्यावर हळहळ आणि चेष्टा दोन्ही फार झाली आहे. अडाणी बाबूंनी हिरे कोळशाच्या भावाने विकले, असा एकूण सूर. कागद पाहिले तर तो टिकत नाही. ज्या वर्षांत चंदीगडमध्ये निर्लेखन जोरात चालू होते त्या वर्षांत पॅरिसच्या बाजारातही या खुर्च्यांना किंमत नव्हती. तिथे कॉर्ब्युझिए यांच्या पोलादी नळ्यांच्या खुर्च्यांना मागणी होती, आणि त्यांत जानरेचे नाव कॉर्ब्युझिए यांच्या मागे, बारीक अक्षरांत. वेत फाटलेली, पाय डुगडुगणारी तीस वर्षांची खुर्ची ठेवून घेण्याचे कोणतेही कारण नियमांत नव्हते, आणि नियमाबाहेर जाऊन ठेवली असती तर लेखापरीक्षणात तोच भांडारपाल अडकला असता. कारकुनाने आपले काम केले. चूक शोधायची तर ती वरच्या खोल्यांत शोधावी. जानरेबरोबर ज्यांनी काम केले ते वास्तुविशारद त्याच शहरात, त्याच सरकारात मोठ्या पदांवर होते. नमुन्याची एकेक खुर्ची बाजूला काढून ठेवा, असा साधा ठराव वेळेवर झाला असता तर पुढचे पुष्कळ टळले असते.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसचे व्यापारी चंदीगडला पोचले. तूशालोम हे त्यांतले सर्वांत बोलके नाव, शिवाय सेगँ, फिलिप जूस, फ्रांस्वा लाफानूर. जुन्या वसाहतींत विसरलेली आधुनिक वस्तू हुडकून आणायची, हा तूशालोम यांचा धंदाच होता. झाँ प्रुवे यांचे पत्र्याचे सुटे होणारे ‘उष्णकटिबंधाचे घर’ त्यांनी आफ्रिकेतून, काँगोच्या ब्राझाव्हिलहून उचलून आणले आणि २००७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ते जवळपास ५० लाख डॉलरना गेले. चंदीगडला त्यांनी सरकारी लिलावांत बोली लावली, भंगारवाल्यांकडून घेतले, कंटेनर भरले. लपवाछपवी केली नाही, उलट पुस्तके काढली, मुलाखती दिल्या. आम्ही विकत घेतले, वाचवले, नाहीतर जळण झाले असते, ही त्यांची बाजू. तिच्यात तथ्य आहे. नफ्याचा आकडा ऐकून ते तथ्य कमी होत नाही.

या प्रवासाचा सर्वांत चांगला दस्तऐवज कागदाचा नाही. अमेरिकी चित्रपटकर्ती एमी सीगल यांचा ‘प्रॉव्हेनन्स’ हा चाळीस मिनिटांचा चित्रपट २०१३ साली आला. त्यात निवेदन नाही, मुलाखत नाही. सुरुवात श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत, जिथे खुर्च्या चकचकीत होऊन बसल्या आहेत. मग कॅमेरा उलटा चालत जातो: लिलाव, लिलावाची जाहिरात, दुरुस्तीचा कारखाना, जहाज, बंदर, आणि शेवटी चंदीगडच्या कचेऱ्या, जिथे त्याच खुर्च्यांवर फायली रचलेल्या आहेत. मग सीगल यांनी आणखी एक टोक गाठले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लंडनच्या क्रिस्टीजमध्ये त्यांनी हा चित्रपटच लिलावाला लावला आणि त्या लिलावाचेही चित्रण केले. कल्पना चलाख आहे, थोडी अतिचलाखही. इतिहासाच्या अंगाने महत्त्वाचा भाग दुरुस्तीच्या कारखान्याचा. तिथे जुने पॉलिश खरवडले जाते, वेत किंवा कापड काढून नवे बसते. म्हणजे चाळीस वर्षांच्या वापराची खूण पुसली जाते. ठेवली जाते ती एकच खूण: रंगाने लिहिलेला नंबर, कारण भाव त्यावर ठरतो.

विदेशी लिलावांच्या बातम्या येऊ लागल्यावर दिल्ली हलली. चंदीगडचा कारभार गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. २२ फेब्रुवारी २०११ रोजी मंत्रालयाने आदेश काढून वारसा-फर्निचरच्या विक्रीला आणि निर्लेखनाला बंदी घातली. या एका तारखेने संग्राहकाच्या दृष्टीने खुर्च्यांचे दोन गट पडतात. आधी विकलेली खुर्ची कायदेशीर माल, नंतर बाहेर पडलेली खुर्ची संशयित. अडचण अशी की आधी विकल्याचा पुरावा बहुधा ढिगाची पावती असते. ढिगात कोणते नंबर होते हे पावती सांगत नाही, आणि नंबर सांगणारी नोंदवही खात्याच्या कपाटात.

पुढे मोजदाद झाली. निरनिराळ्या खात्यांत मिळून १२,७९३ वस्तू वारसा म्हणून नोंदल्या गेल्या. त्यानंतरही कचेऱ्या, महाविद्यालये यांतून खुर्च्या चोरीला गेल्याच्या तक्रारी पोलिसांत झाल्या. चंदीगडचे वकील अजय जग्गा वर्षानुवर्षे प्रत्येक विदेशी लिलावाची माहिती काढून परराष्ट्र मंत्रालयाला, संसदेला, दूतावासांना पत्रे लिहीत आले आहेत. त्यांच्या पत्रांत लिलावाची तारीख, वस्तूचे वर्णन, मिळालेली किंमत असते. उद्या कोणी या व्यापाराचा इतिहास लिहील तर हा पत्रव्यवहार त्याला सोन्यासारखा वाटेल. पत्रांचे फळ मात्र थोडे, आणि त्याचे कारण कायद्यात आहे.

पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२चा. त्याप्रमाणे पुरावस्तू म्हणजे किमान शंभर वर्षे जुनी वस्तू, हस्तलिखितांसाठी पंचाहत्तर. १९५५ची खुर्ची २०५५पर्यंत या व्याख्येत बसत नाही, म्हणून निर्यातबंदी तिला लागू नाही. आंतरराष्ट्रीय आधारही तिथेच अडतो. सांस्कृतिक मालमत्तेच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा १९७०चा करार भारताने १९७७ साली मान्य केला. त्या करारात फर्निचरचा स्वतंत्र उल्लेख आहे, पण शंभर वर्षांहून जुन्या फर्निचरचा. २०१६ साली उच्च न्यायालय, सचिवालय आणि विधानसभा यांचे कॅपिटॉल संकुल जागतिक वारसा यादीत गेले, सात देशांतल्या कॉर्ब्युझिए यांच्या सतरा वास्तूंपैकी एक म्हणून. ती नोंद जागेची आणि इमारतींची आहे. हलणाऱ्या वस्तूला तिचे कवच मिळत नाही.

गंमत म्हणजे लाकडाचा कायदा काही खुर्च्यांना जास्त कडक पडतो. शिसमासह त्या वंशातली जवळपास सगळी झाडे २०१७च्या आरंभापासून संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली. त्यामुळे शिसमाची खुर्ची सीमेपार नेताना लाकडाचे कागद लागू शकतात. सागवानाची असेल तर नाहीत. जानरेला जे साधले नाही ते झाडाला साधले.

तरी १९७२च्याच कायद्यात एक दार आहे आणि त्याची चर्चा फारच कमी होते. ‘कलानिधी’ नावाचा वेगळा वर्ग त्यात आहे. शंभर वर्षांची अट नसलेली कलाकृती, तिचे कलामूल्य पाहून केंद्र सरकार अधिसूचनेने कलानिधी ठरवू शकते. अट एवढीच की कर्ता हयात नसावा. रवींद्रनाथ, जामिनी रॉय, अमृता शेरगिल यांची चित्रे याच मार्गाने देशाबाहेर जाण्यापासून राखली गेली आहेत. जानरे १९६७ साली गेला, कॉर्ब्युझिए १९६५ साली. कायद्याचे शब्द ‘मानवी कलाकृती’ म्हणतात, चित्र किंवा शिल्प एवढेच म्हणत नाहीत. मग खुर्ची का नको? अडचण येईल ती पुन्हा कर्तृत्वाचीच. अनेकांनी घडवलेली, हजारोंच्या संख्येने झालेली, ज्या कर्त्याचे नाव सहीने सिद्ध होत नाही अशी वस्तू ‘कलाकृती’ ठरवायची तर आधी एकेक नमुना दफ्तराच्या आधारे निश्चित करावा लागेल. लिलावघरांनी जे गृहीत धरले ते सरकारला सिद्ध करावे लागेल.

बाजार यासाठी थांबलेला नाही. मुंबईच्या सॅफ्रनआर्टच्या लिलावांतही जानरेच्या खुर्च्या आल्या, म्हणजे भारतातून गेलेला माल ज्या भावाने बाहेर विकला जातो त्या भावाशी स्पर्धा करणारे गिऱ्हाईक आता इथेही आहे. बेंगळुरूच्या फँटम हँड्सने याच नमुन्यांवर नव्या खुर्च्या काढल्या, इटलीच्या कॅसिनाने जानरेच्या सन्मानार्थ म्हणून एक मालिका काढली. या नव्या वस्तू नव्या म्हणूनच विकल्या जातात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार तिसऱ्या प्रकाराबद्दल: जुन्या सागवानाच्या चौकटी, खिडक्या फोडून केलेल्या, धुराने काळ्या केलेल्या आणि मग नंबर रंगवलेल्या खुर्च्या. लाकूड खरेच जुने असते, म्हणून वय तपासून भागत नाही. जाणकार वेताची भोके पाहतात. अनेकदा वेत बदललेल्या खुर्चीत भोकांच्या कडा दोरीने घासून गोल झालेल्या असतात. पायांचे तळवे फरशीवर ओढून झिजतात, तेही एका बाजूला जास्त. जुन्या रंगाला लाकडाच्या रेषांबरोबर चिरा जातात. बैठकीखाली, जिथे कोणाचा हात पोचत नाही तिथे रंध्याच्या खुणा तशाच राहतात. आणि अक्षरांचे वळण पाहतात, कारण सरकारी रंगाऱ्याचे घाईचे वळण आणि नक्कल करणाऱ्याचे जपून काढलेले वळण सारखे येत नाही.

तरीही सगळ्यांत खात्रीची तपासणी वस्तूवर होणारी नाही. लिलावसूचीत नंबर छापलेला असतो. जुनी नोंदवही त्याच नंबरासमोर सांगते की खुर्ची कोणत्या खोलीत होती, कोणत्या साली दाखल झाली, आणि निर्लेखित झाली असेल तर कोणत्या आदेशाने. ही दोन पाने शेजारी ठेवली तर त्या खुर्चीबद्दलचे बहुतेक वाद तिथेच मिटतील: लाल शेरा असेल तर पॅरिसचा व्यापारी खरा, नसेल तर जग्गांचे पत्र खरे, आणि तो नंबर वहीत टेबलाचा निघाला तर दोघेही फसले. त्यासाठी १२,७९३ उरलेल्या वस्तूंची यादी पुरत नाही. गेलेल्या वस्तूंच्या वह्या लागतात: पंजाब, हरियाणा, उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि केंद्रशासित प्रशासन, सगळ्यांच्या. आणि वहीत शेवटचा शेरा पडून काही वर्षे झाली की सरकारी दफ्तर नष्ट करण्याचेही नियम असतात. त्या नियमांप्रमाणे या वह्यांची मुदत केव्हाच संपलेली असू शकते. तेव्हा पुढचा आदेश निघालाच तर तो खुर्च्यांच्या आधी या वह्यांसाठी निघावा.